दहा हजारांचा वॉर्ड

आमच्या शहराचा इतिहास सांगायचा म्हटले की लेखणी मलिक अंबर, पाणचक्की, बिबी का मकबरा आणि जुन्या दरवाज्यांपाशी थांबते. त्या दरवाज्यांच्या आतबाहेर राहणाऱ्या सामान्य माणसाने मत देऊन जो इतिहास घडवला, त्याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटत नाही. किराडपुरा, रोशनगेट, कटकट गेट, बुढीलेन, शहागंज ही नावे वर्तमानपत्रात येतात ती बहुधा तणावाच्या बातमीत. वास्तविक याच मोहल्ल्यांनी सहा वेळा आपला नगरसेवक निवडून महापालिकेत पाठवला. एका वॉर्डाचा एक नगरसेवक ही पद्धत आता इतिहासजमा झाली आहे. म्हणून तिचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

औरंगाबाद महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. पण नगरसेवक यायला १९८८ साल उजाडले. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. पहिल्या निवडणुकीत ६० वॉर्ड होते. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७३ हजार भरली. म्हणजे एका वॉर्डात साधारण साडेनऊ हजार माणसे. २००५ मध्ये वॉर्ड ९९ झाले. २००१ ची लोकसंख्या सुमारे ८ लाख ७३ हजार होती. २०१५ मध्ये वॉर्ड ११३ आणि २०११ ची लोकसंख्या पावणेबारा लाख. शहर दुपटीने वाढले, पण वॉर्ड नऊ-दहा हजारांच्या आसपासच राहिला. हा आकडा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. दहा हजारांत नगरसेवकाला घर ठाऊक असते आणि घराला नगरसेवकाचा दरवाजा ठाऊक असतो.

१९८८ ची ती निवडणूक साधी नव्हती. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. जे ऐकले ते घरातल्या बुजुर्गांकडून. शिवसेनेने पहिल्याच वेळी ६० पैकी २७ जागा जिंकल्या. तरी पहिले महापौर झाले काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे. ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर शहराला ‘संभाजीनगर’ म्हटले आणि त्याच महिन्यात शहरात दंगल उसळली. निवडून दिलेली पहिली महापालिका आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत अशी कर्फ्यूसह राहिली आहे.

पुढची निवडणूक १९९५ मध्ये झाली. जून १९९५ मध्ये महापालिकेने नाव बदलण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने अधिसूचना काढली. तेव्हा काँग्रेसचे नगरसेवक मुश्ताक अहमद न्यायालयात गेले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. पुढे २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने छत्रपती संभाजीनगर हे नाव झाले. नावाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील. आमचा मुद्दा इतकाच की, एका वॉर्डाने निवडलेला माणूस आपले म्हणणे दगडाने नव्हे तर कायद्याने मांडू शकतो, हे त्या वेळी मोहल्ल्याने पाहिले. नव्वदच्याच दशकात रशीद मामू महापौर झाले, तेही मोहल्ल्याने पाहिले.

त्यानंतर २०००, २००५, २०१० आणि २०१५ अशा चार निवडणुका झाल्या. दर वेळी नकाशा बदलायचा, सोडत निघायची. कोणाचा वॉर्ड फुटायचा, कोणाचा राखीव व्हायचा. महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०१५ पासून अर्ध्या जागा मिळाल्या. कारभार पती पाहतात, सही बाईंची असते, अशी थट्टा तेव्हा सर्रास व्हायची. ती पुष्कळदा खरीही होती. पण उर्दू शाळेत शिकलेली एक मुलगी सभागृहात बसते, हे आमच्या वर्गातल्या मुलींनी पाहिले, हेही तितकेच खरे. २०१४ मध्ये विधानसभेची औरंगाबाद मध्य ही जागा जिंकलेल्या एमआयएमने २०१५ मध्ये महापालिकेत २५ जागा मिळवल्या, आणि बहुमत कोणत्याच पक्षाला मिळाले नाही.

एप्रिल २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग वॉर्डरचनेचे आणि आरक्षणाचे खटले. साडेपाच वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवक नव्हता. जिथून सुरुवात झाली, तिथेच आम्ही परत आलो: प्रशासक. पेशाने शिक्षक असल्यामुळे याची झळ आम्ही प्रवेशाच्या दिवसांत पाहिली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बापाकडे रहिवासाचा कागद नसे. पूर्वी तो नगरसेवकाचे पत्र घेऊन येई. आता तो नुसता उभा राही आणि विचारी, ‘सर, कोणाकडे जाऊ?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झाले, पण वॉर्ड राहिला नव्हता. ११५ जागा २९ प्रभागांत विभागल्या गेल्या. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक आणि चाळीस हजारांच्या घरात माणसे. मोठ्या प्रभागात आपली मते विरून जातील, अशी भीती मोहल्ल्यात बोलली जात होती. निकाल तसा लागला नाही. भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि एमआयएमच्या जागा २५ वरून ३३ झाल्या. तेव्हा नुसत्या जागा मोजून हा प्रश्न सुटत नाही. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला धरायचे? चार जण जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही, असे तर होणार नाही ना? हा प्रश्न किराडपुऱ्याचा आहे तसाच गुलमंडीचाही आहे.

समाजबांधवांना आमची एक विनंती आहे. जुने नगरसेवक, पडलेले उमेदवार, पहिल्यांदा निवडून आलेल्या बहिणी अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जुन्या मतदार याद्या, पत्रके, नकाशे आहेत. रद्दीवाला नेईपर्यंतच आहेत. उर्दूत असोत वा मराठीत, ती जपू या, लिहून काढू या. बादशहांचा इतिहास लिहायला इतर पुष्कळ आहेत. आपल्या वॉर्डाचा इतिहास आपण नाही लिहिला, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.