प्राणवायूची मात्रा

इ. स. १७९४ मध्यें जेम्स वॉट याची पंधरा वर्षांची कन्या जेसी क्षयानें वारली. वाफेच्या यंत्रामुळें विख्यात झालेल्या या कारागिरास मुलीचा श्वास मात्र राखतां आला नाहीं. त्या दुःखांत त्यानें डॉ. टॉमस बेडोज यास औषधी वायु तयार करण्याचीं उपकरणें करून दिलीं. आणि १७९९ मध्यें बेडोजनें ब्रिस्टल येथें वायुचिकित्सेची एक संस्था काढली. प्रीस्टले यानें प्राणवायु वेगळा काढला त्यास तेव्हां अवघीं पंचवीस वर्षें झालीं होतीं. उमेद मोठी, पण गुण येईना. थोड्याच वर्षांत संस्थेचा साधा दवाखाना झाला. बेडोजला हंसणें सोपें आहे. परंतु फुप्फुसांत नेमकें काय बिघडतें, हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

पहिल्या महायुद्धांत विषारी वायूनें गुदमरलेल्या सैनिकांस प्राणवायु पद्धतशीरपणें देण्याचें साधन हॉल्डेन यांनीं १९१७ मध्यें पुढें आणलें. जुनाट दम्याखोकल्यानें फुप्फुसें झिजलेल्यांची गोष्ट मात्र निराळी निघाली. अशा रोग्यास भरपूर प्राणवायु दिला कीं त्याचे ओंठ लाल होत, घरच्यांस हायसें वाटे. आणि थोड्या वेळानें रोगी गुंगींत जाई. रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचलेला असे. प्राणवायूची उणीव हीच अशा रोग्याच्या श्वासाची चालना, ती गेली कीं श्वास मंदावतो, असें तेव्हां मानीत. पुढें आणखीही कारणें कळलीं. वैद्यापुढें पेंच पडे: न द्यावा तर रोगी गुदमरतो, द्यावा तर निजतो तो उठत नाहीं!

या पेंचांतून वाट काढली ती मोरन कॅम्बेल यांनीं, १९६० मध्यें. त्यांच्या मुखवट्यांत प्राणवायूची बारीक धार बाहेरची हवा ठराविक प्रमाणांत ओढून घेते. रोगी श्वास उथळ घेवो कीं खोल, मिश्रण बदलत नाहीं. साध्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१. अशा मुखवट्यांतून तो २४ किंवा २८ इतकाच देतां येतो. तीन ते सात टक्क्यांची ती भर, पण प्राण वांचविण्यास बहुधा तेवढी पुरे.

मात्रा सांपडली, आतां प्रश्न वेळेचा. समुद्रसपाटीपासून सुमारें १६०० मीटर उंचीवरील अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं टॉमस पेटी व त्यांचे सहकारी यांनीं त्याच दशकांत रोग्यांस बरोबर वागवितां येईल असा प्राणवायु दिला. अंथरुणास खिळलेलीं माणसें हिंडूं-फिरूं लागलीं. तरी आयुष्य वाढतें काय? १९८१ मध्यें बर्मिंगहॅम, एडिंबरो व शेफील्ड येथील चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. रोज निदान पंधरा तास प्राणवायु घेणाऱ्या ४२ रोग्यांपैकीं पांच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकीं ३०.

ज्यांच्या रक्तांत प्राणवायु फारच कमी होता अशांचे हे आंकडे. उणीव बेताची असलेल्या ७३८ रोग्यांची चांचणी अमेरिकेंत झाली. तिचा निकाल २०१६ मध्यें बाहेर आला. त्यांचें आयुष्य नळीनें वाढलें नाहीं.