हृदयाभोवतीचे पाणी : एका निदानाची वाटचाल

कर्करोगाच्या रुग्णास दम लागू लागला, उताणे निजवेनासे झाले, मानेच्या शिरा फुगून दिसू लागल्या, तरी घरातील मंडळी पुष्कळदा हा मूळ दुखण्याचाच जोर समजून स्वस्थ बसतात. या समजुतीत मोठा धोका आहे. हृदयाभोवती दुपदरी आवरण असते व त्यात एरवी १५ ते ५० मिलिलिटर एवढाच द्रव असतो. फुफ्फुसाचा, स्तनाचा किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग या आवरणापर्यंत पोहोचला की तेथे पाणी साचू लागते. ते सावकाश साचले तर आवरण ताणत जाऊन लिटरभरही सामावून घेते. एकाएकी साचले तर दीड-दोनशे मिलिलिटरही प्राणावर बेततात. हृदय धडधाकट असते, पण त्यास प्रसरण पावण्यास जागाच उरत नाही.

ही गोष्ट इंग्रज वैद्य रिचर्ड लोअर यांनी १६६९ साली आपल्या हृदयविषयक ग्रंथात लिहून ठेवली होती. परंतु जिवंत माणसाच्या छातीत पाणी आहे हे ओळखावे कसे? त्याचे साधन व्हिएन्नातील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये दिले. ते खाणावळवाल्याचे पुत्र. तळघरातील पिंपांवर टिचकी मारून ती कोठवर भरली आहेत हे पाहण्याची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. छातीवर बोटांनी ठोकून आवाज पारखण्याची त्यांची पद्धत पुढे दीर्घकाळ उपेक्षित राहिली. व्हिएन्नाच्याच योसेफ श्कोडा यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात तिला शास्त्रशुद्ध बैठक दिली.

लगेच पुढच्या वर्षी, १८४० मध्ये, या विद्येची कसोटी लागली. श्कोडांनी एका रुग्णाच्या हृदयावरणात पाणी असल्याचे केवळ कानांच्या आधारे ठरविले आणि शल्यवैद्य फ्रान्झ शूह यांनी छातीत पोकळ सुई घालून ते बाहेर काढले. भूल देण्याची कला तेव्हा अवगत नव्हती, क्ष-किरण तर अर्धशतक दूर होते. रुग्णास आराम पडला. या उपचाराच्या इतिहासातील हा आरंभीचा रुग्ण छातीतील अर्बुदाचा, म्हणजे आजच्या भाषेत कर्करोगाचाच होता. मूळ रोग अर्थातच हटला नाही.

पुढील शतकात खुणा वाढत गेल्या. श्वास आत घेताना नाडी क्षीण होते हे १८७३ मध्ये कुसमाउल यांनी नोंदविले, १९११ मध्ये मार्फान यांनी उरोस्थीच्या खालच्या टोकाजवळून सुई घालण्याचा मार्ग सुचविला, तर १९३५ मध्ये क्लॉड बेक यांनी घटलेला रक्तदाब, फुगलेल्या शिरा व मंदावलेले हृदयध्वनी ही त्रयी सांगितली. तरीही सुई आंधळीच होती. ती हृदयात रुतण्याचे भय प्रत्येक वेळी असे.

हे भय पुष्कळसे दूर केले ते ध्वनिलहरींनी. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये जहाजबांधणीच्या कारखान्यातील, धातूतील भेगा शोधणारे यंत्र उसने आणून धडधडत्या हृदयावर लावले. अमेरिकेत हार्वे फायगेनबाउम यांनी १९६५ मध्ये याच तंत्राने आवरणातील पाणी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९७९ पासून मेयो क्लिनिकमध्ये पडद्यावर पाहत सुई घालण्याचा प्रघात पडला.

कर्करोगातील खरी अडचण मात्र निराळीच : काढलेले पाणी पुन्हा भरते. म्हणून बारीक नळी काही दिवस आत ठेवतात, कधी आवरणास खिडकी पाडतात. १९९१ पासून फुग्याच्या साहाय्याने तसे छिद्र करण्याचीही सोय झाली. काढलेले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे तितकेच अगत्याचे, कारण कर्करुग्णातील प्रत्येक पाणी कर्करोगाचेच नसते. किरणोपचार, क्षयासारखा जंतुसंसर्ग, क्वचित प्रतिकारशक्ती चेतविणारी नवी औषधेही त्यास कारण होतात, आणि मग उपचाराची दिशाच बदलते. पेशी कर्करोगाच्या निघाल्या तरी सर्वांचे भवितव्य सारखे नसते. फुफ्फुसाच्या कर्करोगात मिळणारा अवधी बहुधा महिन्यांतच मोजावा लागतो. लसिका ग्रंथींच्या कर्करोगात मात्र औषधांनी गाठीबरोबर हे पाणीही आटते व रुग्ण पूर्ण बरा झाल्याचीही उदाहरणे आहेत.