ताप उतरला, तोल नाही

१९५२ म्हटलं की आपल्याला आठवतात खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझ घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती म्हणजे तरी काय, आपला तोल सांभाळायचा आणि समोरच्याचा घालवायचा.

गेले दोन-तीन विकेंड मी याच तोलाबद्दल वाचतोय, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या विषयापुरतं १९५२ हे साल फारच भरगच्च आहे. त्याच हेलसिंकीत पोलिओ होऊन गेलेल्या एका बाईने घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्याच वर्षी लंडनच्या दोन डॉक्टरांनी कानाच्या आतल्या एका आजाराला नाव दिलं. त्याच वर्षी टांगानिकात (म्हणजे आजच्या टांझानियात) चिकुनगुनियाची साथ आली, आणि त्याच वर्षी आपल्या पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण व्हायरस खेळाडूचा तोल नक्की कुठून पळवतो, हे कळायला हे एक वर्ष पुरेसं आहे.

आधी थोडं सिस्टिम डिझाइन (सवय जात नाही :)). तोल ही शरीरात एका ठिकाणी ठेवलेली वस्तू नाही. डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि पाय-घोटे-मानेतल्या स्नायूंचे नि सांध्यांचे सेन्सर, असे तीन इनपुट मेंदूकडे जातात. मेंदू त्यांचा मेळ घालतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. हे सगळं इतकं गुपचूप चालतं की बिघडेपर्यंत आपल्याला पत्ताच नसतो. प्रॉडक्शन सर्व्हरसारखंच.

आता लिस हार्टेल. डेन्मार्कची घोडेस्वार, जन्म १९२१चा. १९४४ मध्ये ती गरोदर असताना तिला पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्माला आलं, पण हिचे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तिचा खेळ होता ड्रेसाज. त्यात घोड्याला ठरावीक पावलं टाकायला लावायची असतात, आणि स्वार ते सांगतो मुख्यतः पायांच्या दाबाने. म्हणजे कीबोर्डच गेला! तरी बाई पुन्हा खोगिरावर बसल्या. चढायला-उतरायला माणूस लागायचा. पायांऐवजी त्यांनी पाठ आणि बैठकीचं वजन इकडेतिकडे करून आपल्या 'ज्युबिली' नावाच्या घोडीला इशारे शिकवले. १९५२ मध्ये ड्रेसाजमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पहिल्यांदाच ऑलिंपिकला उतरू दिलं आणि हार्टेलबाई दुसऱ्या आल्या. पोडियमवर चढायला त्यांना सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनच्या आंरी सेंट सीरने हात दिला. १९५६ ला त्यांनी परत रौप्य मिळवलं. (ऑलिंपिक मेलबर्नला, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला. घोड्यांनाही व्हिसाचे प्रॉब्लेम!)

हे जमलं कसं? जिद्द वगैरे आहेच, पण जिद्दीच्या गोष्टीत एक टेक्निकल मुद्दा नेहमी गाळला जातो. पोलिओचा व्हायरस मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मारतो. संवेदना आणणाऱ्या वाटा तो सहसा सोडून देतो. म्हणजे इनपुट शाबूत, आउटपुट बंद. घोडी किती कलली, आपलं वजन कुठे आहे, हे हार्टेलबाईंना शेवटपर्यंत नीट कळत होतं. शिल्लक राहिलेल्या माहितीवर त्यांनी नवा तोल उभा केला.

लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी ज्याला नाव दिलं, त्या आजारात बरोबर उलटं होतं. त्यांनी नाव दिलं व्हेस्टिब्युलर न्यूरोनायटिस. आतल्या कानातून तोलाची खबर नेणारी नस एका बाजूला सुजते. बहुतेक वेळा व्हायरसमुळे, असा दाट संशय आहे. ऐकू नीट येतं, हातापायांत ताकद असते, पण जग गरागरा फिरतं, कारण एक कान म्हणतो 'स्थिर' आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मेंदू 'आपण फिरतोय' असा लावतो. काही दिवसांत भोवळ ओसरते, मग मेंदू हळूहळू नवा हिशेब शिकतो. गंमत म्हणजे तो अंथरुणात पडून शिकत नाही. १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या ब्रिटिश जोडीने अशा पेशंटसाठी मान-डोळे हलवण्याचे आणि चालण्याचे व्यायाम बसवले, ते आजही शिकवतात.

तिसरा गडी आपल्या ओळखीचा. चिकुनगुनिया हे नाव माकोंडे भाषेतलं आहे, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. कोंबडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण २००६ मध्ये हा आजार महाराष्ट्रात पसरला, त्याच वर्षी नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, आणि लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून चिकन सोडलं. असो.

याचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. पुण्याच्या व्हायरस सेंटरच्या लोकांनी अभ्यास केला, तेव्हा शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांना लागण झालेली आढळली. मग हा आजार भारतातून जवळजवळ गायबच झाला. सेंटरचं नाव १९७८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी झालं. पाषाणला सूस रोडवर त्यांचा दुसरा कॅम्पस आहे, हिंजवडीहून तसा जवळच. २००५ च्या शेवटी साथ परत आली आणि २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित पेशंट नोंदले गेले. एनआयव्हीने व्हायरस तपासला तर तो बार्शीचा जुना आशियाई प्रकार नव्हता, आफ्रिकेतला निघाला. आणि खरा धक्का पुढे आहे. त्याच आफ्रिकन प्रकारचा व्हायरस २००० साली यवतच्या डासांमध्ये सापडलेला होता! सोलापूर रोडवर आपण चहाला थांबतो तेच यवत. साथीच्या पाच वर्षं आधी पाहुणा दारात येऊन बसला होता.

हा व्हायरस सांध्यांना धरतो: घोटे, मनगटं, बोटं, गुडघे. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन् महिने धुमसतात. सुजलेल्या, दुखऱ्या घोट्याकडून मेंदूला धड खबर येत नाही, आणि दुखणाऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू आपोआप कमी जोर लावतात. हुकूम देणारा ठीक, हुकूम पाळणारे ठीक, रिपोर्टिंगची बोंब. दोनशे मीटर चालायला चालतं हो. पण बॅडमिंटनमध्ये पुढे झेप टाकून एका पायावर थांबायचं आणि अर्ध्या सेकंदात मागे फिरायचं, तिथे घोट्याची खबर उशिरा येऊन चालत नाही.

एच. एस. प्रणॉयचं २०२४ मध्ये नेमकं हेच साल वाया गेलं. आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलेला खेळाडू, आणि पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर त्याला चिकुनगुनिया झाला. तरी तो खेळला, गटातून वरही आला. १ ऑगस्टला लक्ष्य सेनने त्याला २१-१२, २१-६ असं हरवलं. स्कोअर बघून आपल्यातले बरेच जण म्हणाले, 'फॉर्म गेला राव'. नंतर त्याने दुखण्यामुळे स्पर्धांतून विश्रांती घेत असल्याचं जाहीर केलं.

माझं म्हणणं एवढंच की खेळाडू 'बरा' झाला हे आपण थर्मामीटर बघून ठरवतो, आणि तिथेच घोळ होतो. तापमान हा चुकीचा लॉग आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोमबर्ग नावाच्या डॉक्टरने एक फुकटची टेस्ट सांगून ठेवलीय: पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. डोळ्यांचं इनपुट काढून घेतलं की बाकीचे दोघं काम करतायत की नाही ते उघडं पडतं. खेळाडूंना तीच एका पायावर करायला लावतात. (घरी करून बघणार असाल तर भिंतीजवळ करा.)

आमच्या टीममधल्या एकाला गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. पठ्ठ्या हाफ मॅरेथॉन पळणारा. पाचव्या दिवशी ताप गेला, पुढच्या सोमवारी मॅनेजरने 'यू आर फिट ना?' म्हणून रिलीजला बसवलं, आणि हा फेज टूच्या ऑफिसात रेलिंग धरून जिना उतरत होता. दोन महिन्यांनी फिजिओने त्याला रोज सकाळी एका पायावर उभं राहून दात घासायला लावले. डोळे मिटून सुरुवातीला दोन सेकंद, मग चार. अकरा सेकंदांवर पोचला तेव्हा बालेवाडीच्या ट्रॅकवर गेला, पहिल्या दिवशी फक्त चालायला.