खलाटी, खाजण आणि दहिसरची नदी

आमच्या घरात नदीचं नाव कधी कोणी घेतलं नाही. 'नदीवर जाऊन येतो', 'नदीला पाणी आलंय', एवढंच. गावात एकच नदी, तिला नाव कशाला? 'दहिसर नदी' हे शब्द मी छापलेले वाचले ते पुराच्या बातमीत, आणि तोवर गावातले लोकसुद्धा तिला नालाच म्हणायला लागले होते.

तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरातून ती निघते, राष्ट्रीय उद्यानातून बोरिवलीला बाहेर पडते, श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत दहिसर गावठाण आणि कांदरपाड्याकडे येते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून बारा किलोमीटरच्या आसपास. पण या बारा किलोमीटरांच्या दोन्ही अंगांना शेती होती, हे आज पुलावर रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघून हसेल.

आमच्या दोन जमिनी होत्या. वरची खलाटी नदीच्या काठाला, गोड्या पाण्याची. खालचं खाजण खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या मातीचं. या दोन तुकड्यांचं पुढे काय झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण नदीचं काय झालं ते त्यातच आलं.

खलाटीत राब भाजायचा, पेरा करायचा, आवण उपटून लावणी करायची, चार गावांत चालतं तसंच. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर वाल. काठच्या विहिरीवर रहाट होता, त्याच्या पाण्यावर वांगी, मुळे. खाजणाची तऱ्हा वेगळी. तिथे राब नाही, नांगर नाही, लावणीही नाही. पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढेपर्यंत थांबायचं आणि मग मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. भात लाल, राता. त्याच्या भाकरीची चव मला अजून आठवते; पोटाला जड, पण दुपारपर्यंत भूक म्हणून लागायची नाही. खाडीच्या बाजूने मातीचा बांध आणि त्यात उघाडी. भरतीला उघाडीची फळी बंद, ओहोटीला उघडी. बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि ते वेळेत बुजवलं नाही, तर एका उधाणात खारं पाणी आत, आणि पुढची दोन-तीन वर्षं पीक नाही. म्हणून बांध एकट्याचा नसायचा. ज्याची जमीन आत, त्याच्या घरचा एक माणूस मे महिन्यात चिखल टाकायला हवाच. आजोबा याला 'बांधाची पाळी' म्हणायचे आणि पाळी चुकवणाऱ्याशी वर्षभर बोलायचे नाहीत.

आणि वळगण. मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री कोसळला की पहाटे अख्खं गाव पाग, टोपल्या, जुनी लुगडी घेऊन शेतात. नदीतले मासे अंडी घालायला उलट्या धारेने चढून खलाटीत यायचे. बांधाच्या फटीतून पाणी घळाघळा पडत असायचं आणि त्या घळीवर मासे उड्या मारायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. गुडघाभर पाण्यात उभा, आणि पायाला काहीतरी सारखं थडकतंय. शिंगाळीने बोटाला काटा मारला तेव्हा रडलो, तर आजी म्हणाली, "रडतोस काय? ती तिच्या घरी आली, तू मधी उभा राहिलास."

आजी सहज बोलून गेली. पण पुढे ओढे, नद्या, पाणथळी यांच्याबद्दल जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं मला सापडलेलं नाही. आम्ही शेत आपलं समजत होतो. पावसाचे चार महिने ते नदीचं असायचं. नदी तिथे पसरायची, गाळ टाकायची, मासे वाढवायची, विहिरीला पाणी द्यायची आणि दसऱ्यानंतर शेत आम्हाला परत करायची.

या डोंगरातलं पाणी राखण्याची विद्या तशी जुनी. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याची पोढी खोदलेली आहे. कातळावर पडलेला पाऊस बारीक चरांनी त्यात उतरतो. पोढ्या कोणी दान दिल्या तेही शिलालेखांत कोरलेलं आहे. खालच्या मागाठाण्यातली जमीन लेण्यांना दान दिल्याचा उल्लेखही तिथे आहे. म्हणजे वर पाणी राखायचं आणि खाली शेती करायची, ही जोडी दीड-दोन हजार वर्षांची.

ती पहिल्यांदा मोडली इंग्रजांच्या काळात, आणि वाईट हेतूने नव्हे. मुंबई बेटाला पाणी पुरेना. साष्टीत डोंगर होते, पाऊस होता. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई असे तीन तलाव झाले. शहराची तहान भागली. डोंगरातलं पाणी पहिल्यांदा शहराचं झालं आणि खालच्या गावांच्या वाट्याला उरलं ते मागाहून. आमच्या आजोबांच्या बोलण्यात याची तक्रार कधी आली नाही. त्यांच्या जन्माच्या आधीची गोष्ट, त्यांना नदी तेवढीच वाटायची. नुकसान एका पिढीपेक्षा जुनं झालं की तेच मूळ रूप वाटायला लागतं.

१९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला. लगेच काही बदललं नाही. सत्तरच्या दशकात मात्र बदल धावत आला. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणेचा कायदा झाला, आणि 'ठेवली तर सरकार घेईल, विकली तर चार पैसे मिळतील' हे वाक्य ओटी-ओटीवर ऐकू यायला लागलं. भाऊ गिरणीत, काका रेल्वेत, मी कारकुनीत. खलाटीत उतरायला उरले फक्त बाबा. १९७८ साली वरची खलाटी गेली. रहाटाची विहीर डबराने बुजवली, त्या दिवशी बाबा घरातच बसून होते. आलेल्या पैशात बहिणीचं लग्न झालं आणि उरलेल्यात आमच्या चाळीच्या चार खोल्या उभ्या राहिल्या. हे मी लपवत नाही. नदीचं आवार विकून खाल्लेल्यांत आम्हीही आहोत.

खाजण विकलं गेलं नाही, कारण खाऱ्या चिखलाला गिऱ्हाईक नव्हतं. पण बांधाची पाळी बंद पडली. १९७९ मध्ये राज्याचा खारभूमी विकास कायदा झाला, कोकणात सरकारी बांध झाले. आमच्या बांधावर मात्र टोपलीभर चिखल टाकायला माणूस उरला नाही. पुढच्या आठ-दहा पावसाळ्यांत बांध तीन ठिकाणी फुटला. खारं पाणी आत आलं ते येतच राहिलं. पहिल्या वर्षी नुसता चिखल, मग गवत, मग तिवराची बोटभर रोपं. कोणी लावली नाहीत. भरतीने बी आणलं आणि टाकलं. वीस वर्षांत तिथे डोक्याच्या वर झाडं गेली.

आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. पावसाचं पाणी वाहून नेणारी शहराची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाची. ती ५० ची करावी, हे 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी ५० नेही काय झालं असतं? आमच्या चाळीत छातीपर्यंत पाणी. बाबा तेव्हा होते. माळ्यावर बसून खाली बघत ते म्हणाले, "शेतातच आलंय. त्याला कोणी सांगितलं शेत विकलं म्हणून?" त्यांनी बोटाने दाखवलं तिथे खरंच आमचा जुना मोठा बांध होता.

त्यानंतर माधवराव चितळे समिती बसली, तिचा अहवाल आला. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा ही नावं नद्या म्हणून पुन्हा लोकांच्या तोंडी आली, हा त्या पुराचा एक उपकार. पण प्रत्यक्षात काम काय झालं? खोल करा, रुंद करा, दोन्ही अंगांना भिंत बांधा. पुढच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न होता, भिंत नको असं म्हणायची माझी छाती नाही. तरीही भिंत म्हणजे वळगण कायमची बंद, आणि काठच्या मातीतून विहिरींना जाणारी ओलही बंद. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी काही ठिकाणी बांध मागे नेले आणि नदीला जागा परत दिली. त्यासाठी शेतकऱ्यांना घरं हलवावी लागली. आमच्याकडे मागे न्यायला जागाच नाही. चाळ मी कुठे मागे नेऊ?

पुढे 'रिव्हर मार्च' म्हणून नागरिकांची चळवळ सुरू झाली, लोक नदीकाठाने चालू लागले. महापालिकेनेही सांडपाणी अडवून शुद्ध करण्याच्या योजना हाती घेतल्या. निवृत्तीनंतर मीही एका छोट्या गटाबरोबर महिन्यातून एकदा पाणी तपासायला जायला लागलो. त्यात एक कॉलेजची मुलगी आहे, ती मला शिकवते. बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरायची, दोन औषधांचे थेंब टाकायचे, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढरा. अंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, ३ च्या वर नको, असा दंडक आहे. माझ्यासारख्याला आकडा नंतर, रंग आधी कळतो. उद्यानाच्या आत भरलेली बाटली विटकरी तपकिरी होते. दगड उलटला की खाली बारीक किड्यांच्या अळ्या वळवळतात, त्या घाण पाण्यात राहत नाहीत. बाहेर पडून वस्त्या, तबेले, धोबीघाट ओलांडले की तीच नदी बाटलीत पांढरी.

दुसऱ्या वर्षी आम्ही नळ मोजायला घेतले. भिंतीतून नदीत उघडणारा प्रत्येक पाइप वहीत लिहायचा. पावसाळी की सांडपाण्याचा, ते उन्हाळ्यात कळतं. पावसाचा पाइप एप्रिलमध्ये कोरडा हवा. अकराव्या पाइपापाशी मी थांबलो. एप्रिल होता, पाइप वाहत होता, आणि वरती आमच्या चाळीची मागची भिंत. मुलगी म्हणाली, "काका, याची नोंद करू ना?" मी म्हटलं, कर. पाइप १९७९ मध्ये बाबांनीच टाकला होता. तेव्हा गटारवाहिनी आली नव्हती आणि नदीला सोडणं हाच रिवाज होता. ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

चाळीची सभा घेतली. जोडणी बदलायला प्रत्येक खोलीमागे खर्च येणार होता. "नदी आपल्या एका पाइपाने साफ होणार आहे का?" हा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं खरं उत्तर 'नाही' असंच आहे. आठ महिने लागले. शेवटी जोडणी बदलली.

दुसरी लढाई घरातली. खाजणावर भराव टाकून घेऊ, असं काकांच्या मनात आलं. कोणीतरी डेब्रिजच्या गाड्या फुकट आणून ओतायला तयारच होतं. काका नव्वदीला टेकलेले. मी म्हटलं, "काका, तिवरं आहेत. २००५ पासून उच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि २०१८ मध्ये तो पुन्हा पक्का झालाय. हात लावता येणार नाही."

"जमीन आपली. झाडं लावली कोणी?"

"कोणीच नाही."

"मग?"

त्यांचा राग मला कळत होता. विकणाऱ्यांना पैसे मिळाले, ज्याने ठेवली त्याला चिखल. पाणथळ राखा म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचं उत्तर शेतकऱ्याला अजून दिलेलं नाही, असं माझं मत आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, एकदा चला, बघा. ते आले नाहीत, गुडघे चालत नाहीत. गाड्याही आल्या नाहीत, कारण मी सातबाऱ्यावरचा दुसरा वारस आहे आणि मी सही दिली नाही. काका माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. बांधाची पाळी चुकवणाऱ्याशी आजोबा बोलायचे नाहीत, तसंच.

गेल्या ओहोटीला फुटक्या बांधाच्या फटीत बाटली भरली. तपकिरी, पण फिकट, चहात दूध जास्त झाल्यासारखी. वरून आलेलं पांढरं पाणी तिवरांच्या मुळांतून आणि भरतीच्या पाण्यात मिसळून एवढं सावरलेलं. उघाडीच्या जुन्या लाकडाचा एक खांब अजून चिखलात उभा आहे. संध्याकाळी काकांच्या खाटेपाशी वही उघडून बसलो होतो. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "निवट्या आहेत का रे तिथे?"

म्हटलं, आहेत. खांबाभोवती पुष्कळ.

"आणि चिंबोरी?"

ती मात्र दिसली नव्हती. तसं सांगितलं.

"अमावास्येला जा," काका म्हणाले, "आणि काठी घेऊन जा."