भांडे चहासाठी की माणसासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या दिवाळीत पुतण्या जपानहून काटेवाडीला आला, तो तीन लहान किटल्या घेऊन. तिन्ही चहाच्याच. मी म्हटले, "अरे, एका चहाला तीन भांडी कशाला?" तो हसून म्हणाला, "काका, चहा एक नाही, तीन आहेत."

मग त्याने समजावून सांगितले. बाजूला दांडा असलेली ती क्यूसु. तिच्यात रोजचा हिरवा सेन्चा करायचा आणि पाणी ७० ते ८० अंशांचे घ्यायचे. दांडाच नसलेली ती होहिन. तिच्यात सावलीत वाढवलेला उंची ग्योकुरो. त्याला ५०-६० अंशांचे पाणी पुरते, म्हणून भांडे हाताला पोळत नाही. वर कमानीसारखा दांडा असलेली मोठी ती दोबिन. तिच्यात भाजलेल्या पानांचा होजिचा, त्यावर मात्र कढत पाणी. कोमट पाण्यात पानातला गोडवा उतरतो, कढत पाण्यात कडवटपणाही उतरतो. हे ओळखून भांडी घडवली गेली. १७३८ साली नागातानी सोएन याने पाने वाफवून, चोळून वाळवण्याची रीत बसवली आणि पुढे अशा भांड्यांचे चलन वाढले.

आपला कारभार वेगळा. १९३०च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आले आणि दाणेदार पूड होऊ लागली. ती आले, साखर आणि दुधाबरोबर खळखळा उकळायची. त्याला पातेले आणि गाळणे पुरे. आमच्या उसाच्या पट्ट्यात गुळाचा चहा असेल, तर नासू नये म्हणून दूध वेगळे तापवून शेवटी घालायचे, एवढेच पथ्य.

पण म्हणून आपल्याकडे चहाच्या भांड्यांत भेद नव्हता, असे समजू नका. भेद होता. तो पानांचा नव्हता, माणसांचा होता.

ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी कपाला हातही लावला नाही. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. मिशनऱ्यांच्या हातचा चहा, एवढाच काय तो गुन्हा!

कोल्हापुरात गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी चहाचे हॉटेल काढले, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले, ते याच गंगारामांच्या पुढाकाराने.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना आमच्या गावात येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी मोठमोठ्या पातेल्यांत चहा उकळतो आणि पुढे आलेल्या हाताला जात विचारली जात नाही.

वर्षाचे बाकीचे दिवस मात्र वेगळे असत. माझ्या लहानपणी आमच्या पडवीच्या वळचणीला कान तुटलेला एक कप खोवलेला असे. शेतावर कामाला येणारा म्हातारा गडी तो स्वतःच काढी. आई वरून चहा ओती. पिऊन झाल्यावर तो कप विसळून पुन्हा तिथेच ठेवी. मी त्याला मामा म्हणत असे. मामाचा कप वळचणीला का, हे मात्र मी कधी विचारले नाही.

पुतण्याच्या किटल्या आज माझ्या कोनाड्यात आहेत. कुठला चहा कुठल्या किटलीत, हे आता मला पाठ झाले आहे. वळचणीचा तो कप कोणी आणि कधी काढून टाकला, ते आठवत नाही. घरातल्या कपातून मामाला चहा मिळाला नाही, हे मात्र आठवते.