महाराजा एक्सप्रेसमध्ये बार चालतो, मग माथेरानच्या टॉय ट्रेनमध्ये बिअर का नाही?

एकीकडे शाही ट्रेनच्या रीलमध्ये खिडकीबाहेर राजस्थान आणि टेबलावर वाईनचा ग्लास दिसतो. दुसरीकडे साध्या एक्सप्रेसमध्ये दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला रेल्वे पोलिस पुढच्या स्टेशनवर उतरवतात. दोन्ही गाड्या भारतीय रेल्वेच्याच रुळांवर धावतात. मग नियम दोन आहेत का? आणि हेरिटेज ट्रेनच्या सहलीत दारूला परवानगी असावी का?

कायदा नेमका काय म्हणतो?

रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १४५ इथे महत्त्वाचं आहे. रेल्वेच्या डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत कुणी नशेत आढळलं, शिवीगाळ किंवा असभ्य वर्तन केलं, तर रेल्वे कर्मचारी त्याला बाहेर काढू शकतात. तिकीट किंवा पास जप्त होतो. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड.

हे कलम शिक्षा करतं ती नशेत असण्याला आणि त्रास देण्याला. आणि त्यात 'शाही गाड्या वगळून' असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे लाखो रुपयांचं तिकीट काढलेल्या पाहुण्याने धिंगाणा घातला, तरी कलम तेच.

मग शाही गाड्यांमध्ये दारू कशी मिळते?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा केंद्राचा विषय आहे आणि मद्य हा राज्यांचा. त्यामुळे गाडी केंद्राची असली, तरी दारूविक्रीचा परवाना हा राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचा मामला ठरतो.

'पॅलेस ऑन व्हील्स' १९८२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राची 'डेक्कन ओडिसी' २००४ मध्ये आली, कोरोनात थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. आयआरसीटीसीची 'महाराजा एक्सप्रेस' २०१० पासून आहे. या गाड्या म्हणजे फिरतं हॉटेल. बारचा वेगळा डबा, मोजके पाहुणे आणि प्रत्येक डब्यात कर्मचारी. इथे दारू ही हॉटेलच्या सेवेसारखी, देखरेखीखाली दिली जाते.

राज्याची हद्द ओलांडली की?

खरी गंमत इथे आहे. डेक्कन ओडिसीची एक सहल खास गुजरातची आहे. मुंबईहून वडोदरा, पालिताणा, सासण गीर, कच्छचं रण. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बाहेरून आलेल्या पर्यटकांना तिथे परमिट मिळू शकतं, पण ती स्वतंत्र प्रक्रिया आहे. बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण बंदी आहे. चालत्या गाडीत बसल्याने राज्याचा दारूबंदी कायदा मागे पडत नाही.

महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. बाकी राज्यात वयाची अट आहे: सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं, इतर मद्यासाठी २५.

परदेशात काय चालतं?

हेरिटेज ट्रेनचं माहेर म्हणजे ब्रिटन. तिथल्या अनेक जुन्या मार्गांवर गाडी चालवण्याचं बरंच काम स्वयंसेवक करतात आणि खर्च तिकीट, खाणंपिणं व देणग्यांमधून निघतो. हॅम्पशायरमधल्या 'वॉटरक्रेस लाइन'वर तर संध्याकाळची खास बिअर ट्रेन निघते. इंजिन वाफेचं आणि डब्यात स्थानिक बिअर.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार प्रवासात असलेल्या गाडीत मद्यविक्रीला वेगळा परवाना लागत नाही. मात्र गोंधळाची भीती असेल, तर पोलिसांच्या अर्जावरून न्यायालय गाडीतली विक्री थांबवू शकतं. त्याच देशात लंडनच्या मेट्रोत १ जून २००८ पासून दारू पिण्यावर बंदी आहे. म्हणजे रोजच्या प्रवासाची गाडी वेगळी आणि सहलीची गाडी वेगळी, असा फरक तिथे स्पष्ट केलाय.

मग माथेरानला का नाही?

नेरळ-माथेरान ही १९०७ ची गाडी. रुळांची रुंदी फक्त दोन फूट, सुमारे २० किलोमीटरचा घाट, एकामागोमाग वळणं आणि बाजूला दरी. डबे छोटे. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जाता येत नाही. म्हणजे कुणी दारात लटकून सेल्फी काढू लागलं, तर त्याला आवरायला कर्मचारी लगेच पोहोचणार कसा?

शिवाय ही शाही गाडी नाही. शाळेची मुलं, आजी-आजोबा, माथेरानला राहणारी माणसं यातूनच जातात. माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे, त्यामुळे अमन लॉज-माथेरान शटल ही अनेकांची गरज आहे. शेजारचा प्रवासी पितोय म्हणून उतरून दुसरी गाडी पकडण्याची सोय इथे नाही.

बाजूने आणि विरोधात काय?

बाजूने: जुनी इंजिनं आणि घाटातले रूळ सांभाळणं महाग असतं. खाणंपिणं असलेल्या खास सहलींतून जादा पैसे येतात. प्रौढ माणसाने जबाबदारीने एखादा ग्लास घेतला, तर त्यात गुन्हा काय, हा प्रश्नही रास्त आहे.

विरोधात: चालत्या गाडीत तोल जाणं जिवावर बेतू शकतं. महिला आणि मुलांसोबतच्या प्रवाशांना त्याच डब्यात तासन्‌तास बसायचं असतं. आणि फक्त महाग तिकीटवाल्यांना मुभा, हे अनेकांना खटकतं.

मग तोडगा काय?

प्रश्न 'हो की नाही' एवढाच ठेवला, तर भांडण संपणार नाही. गाडीचा प्रकार बघायला हवा. सार्वजनिक टॉय ट्रेन असेल, तर बंदीच योग्य. पूर्ण गाडी आरक्षित करून निघालेली प्रौढांची सहल असेल, तर पुढच्या अटींवर विचार होऊ शकतो:

- बाहेरची बाटली नाही, फक्त परवानाधारक विक्री
- वयाची तपासणी
- प्रत्येक डब्यात कर्मचारी आणि बंद दरवाजे
- दारूबंदीच्या हद्दीत विक्री बंद
- तिकीट काढतानाच 'या गाडीत मद्य मिळेल' अशी स्पष्ट सूचना

शेवटची अट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची. प्यायची की नाही हे ठरवायचा हक्क एकाला हवा असेल, तर अशा गाडीत बसायचं की नाही हे आधीच ठरवायचा हक्क दुसऱ्यालाही हवा.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा.