८०० डॉलरची फेरी

१९९३ च्या डूममध्ये किंवा १९९६ च्या क्वेकमध्ये एकमेकांशी लढताना मेलेला खेळाडू लगेच पुन्हा उभा राहायचा. ज्याचा हात चपळ, त्याचं राज्य. जून १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक आला आणि त्याने ही सवलतच काढून घेतली. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी हाफ-लाइफ या खेळात हौसेने फेरफार करून तो बनवला होता. नोव्हेंबर २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो बाजारात आणला. मेलं की फेरी संपेपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. नेमबाजीच्या खेळात डावपेच खरे शिरले ते या नियमामुळे, असं माझं ठाम मत आहे. जीव एकच म्हटल्यावर माणूस कोपऱ्यावर थांबतो, कान देतो, शिफ्ट दाबून पाऊल न वाजवता चालतो.

दुसरी करामत पैशांची. बंदुका विकत घ्यायला सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर. आमच्या १.६ आवृत्तीत एके-४७ ला २,५०० लागत आणि एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलला ४,७५०. पुण्यात सदाशिव पेठेतल्या सायबर कॅफेत आम्ही पाचजण खेळायचो, तेव्हा हा हिशेब माझ्याकडे असे. "इको मारा, कोणी काही घेऊ नका!" असं मी ओरडलो की सगळे पिस्तुलावर राहायचे. एक फेरी जवळजवळ सोडून द्यायची, म्हणजे पुढच्या फेरीत पाचही हातांत रायफल येते. लागोपाठ हरणाऱ्याला मिळणारी रक्कम वाढत जाते, त्यामुळे मागे पडलेला संघ भिकेला लागत नाही. ही तजवीज मला आजही थक्क करते. ज्याच्याकडे जास्त पैसे, तो सोबत्यासाठी बंदूक घेऊन जमिनीवर टाकायचा. "ड्रॉप दे रे" ही कॅफेतली रोजची हाक.

नकाशांत आमचा जीव डस्ट २ वर. डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाने २००१ मध्ये तो रचला. अतिरेक्यांच्या संघाने बॉम्ब ठेवायच्या आणि पोलिसांच्या संघाने राखायच्या ए आणि बी या दोन जागा, तिथे जायच्या मोजक्या वाटा, आणि दोन्ही संघ नाक्यांवर जवळजवळ एकाच वेळी पोचतील अशी अंतरं. मधल्या लाकडी दारांची फट तर फारच हुशारीची. फेरी सुरू होताच अतिरेक्यांचा स्नायपर तिच्यावर नेम धरायचा, आणि बी जागेकडे धावणाऱ्या पोलिसांना ती फट ओलांडावीच लागायची. दार लाकडी, म्हणून गोळी आरपार जाते.

ठेवलेला बॉम्ब निकामी करायला पोलिसांना १० सेकंद लागतात, किट (१.६ मध्ये ते २०० डॉलरला मिळे) असेल तर ५. काम सुरू झाल्याचा आवाज लपलेल्या शत्रूलाही ऐकू जातो. म्हणून मुरलेला खेळाडू एकदा नुसता आवाज करून बटण सोडतो, बंदूक उचलतो आणि आडोशातून कोण धावून येतंय याची वाट पाहतो.